आठ नंबरच्या सुया, चाळीस टाके: विणीच्या तुकड्यांच्या नोंदी

2 नोव्हेंबर

आज मफलर उसवला. तीन आठवड्यांत 94 सेंटिमीटर विणून झाला होता.

एक ओळ सुलट, एक ओळ उलट असा सरळसोट विणत गेलो. दिसायला दुकानातल्यासारखा गुळगुळीत. पण दोन्ही कडा मागच्या बाजूला वळायला लागल्या, त्या वळतच गेल्या. 22 सेंटिमीटर रुंदीची पट्टी म्हणता म्हणता नळी झाली. रात्री गादीखाली ठेवली, इस्त्रीखाली दाबली, काही उपयोग नाही. बायको म्हणाली, "अहो, मफलर आहे की गॅसचा पाइप?"

नाशिकला सातपूरच्या कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या विभागात, 34 वर्षं काढली. तिथे ट्रायल पीस काढल्याशिवाय जॉबला हात लावला असता तर फोरमनने बाहेर काढलं असतं. आणि इथे थेट मालावर सुरुवात केली, तेही आपण काय विणतोय हे माहीत नसताना. चूक माझीच.

विणकाम कसं लागलं ते एकदाच सांगून ठेवतो. जूनमध्ये घसरून उजवं मनगट मोडलं, प्लास्टर निघालं तेव्हा बोटं आखडलेली. दाबायला रबरी बॉल दिला होता. देवळाली कॅम्पातली माझी थोरली बहीण बघायला आली, तिने बॉल बाजूला ठेवला आणि हातात सुया दिल्या.

आता ठरवलं आहे की आधी प्रत्येक विणीचा एक तुकडा करायचा, मोजायचा, धुवायचा, परत मोजायचा. मग कुठली वीण कशाला ते ठरवायचं. विणायच्या वस्तू तीन: निफाडच्या मेहुण्याला मफलर, पुण्याच्या लेकीच्या येणाऱ्या बाळाला पांघरूण, आणि स्वयंपाकघरात गरम भांडी धरायला काहीतरी.

5 नोव्हेंबर

मेन रोडवर जाऊन सामान आणलं. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खोदलेले आहेत, त्यामुळे रविवार कारंजा चौकापासून चालत. मध्यम जाडीची ॲक्रिलिक लोकर, 100 ग्रॅमचे दोन गुंडे 240 रुपये. पांढऱ्या सुती दोऱ्याचा एक गुंडा 130. आठ नंबरच्या सुयांची जोडी 60. जुन्या मफलरची लोकर आहेच, पण उसवलेली लोकर नूडल्ससारखी कुरळी होते. तशीच विणली तर टाके वेडेवाकडे येतात. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी केली, चार जागी सैल बांधली, कोमट पाण्यात भिजवून खाली वजन न लावता वाळत घातली. बरीच सरळ झाली, पण मापाच्या तुकड्यांसाठी नवीच वापरणार.

नवशिक्यांसाठी एक सांगतो, कारण मी यात एक फेरी वाया घालवली. आपल्याकडे सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आठ नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, दहा नंबर म्हणजे सव्वातीन. मी आधी "जरा जाड द्या" म्हणून बारा नंबर मागितल्या होत्या. दुकानदाराने निमूट दिल्या.

मापासाठी ॲल्युमिनियमच्या पत्र्यात बरोबर 10 बाय 10 सेंटिमीटरची खिडकी कापली. तुकड्याच्या मधोमध ठेवायची आणि आतले टाके मोजायचे. कडेचे टाके नेहमी वेडे असतात, ते मोजायचे नाहीत. अर्धा टाका दिसला तर तोही अर्धा म्हणून लिहायचा.

7 नोव्हेंबर

पहिला तुकडा सुलट-उलटचा. 40 टाके, 50 ओळी, सगळ्या विणींना हेच माप ठेवायचं म्हणजे तुलना होईल. (हा हिशोब पुढे अंगाशी आला.)

तुकड्यावर आडवे पट्टे उमटले. एक ओळ घट्ट, एक सैल, एक घट्ट, एक सैल. आधी वाटलं मनगट दगा देतंय. मग जाडी मोजायचा व्हर्नियर काढला. एक सुई 4.00, दुसरी 3.75. घरात ताईने दिलेली जुनी जोडी होती, तिच्या डोक्यावरचे आकडे पुसलेले. नव्या जोडीतली एक आणि जुन्यातली एक अशी माझ्या हातात आली होती. दोन सुयांवर सपाट विणताना सुलट ओळी कायम एकाच सुईवर तयार होतात आणि उलट ओळी दुसरीवर, म्हणून पट्टे इतके शिस्तीत.

ताईला फोनवर सांगितलं तर हसली. म्हणाली, "अरे, ज्यांची उलट ओळ सैल पडते त्या बायका मुद्दाम तसं करतात. बारीक सुई उलटीला." करून पाहिलं. खरंच, माझीही उलट ओळ सैलच पडते. बारीक सुई उलट ओळीला ठेवली तेव्हा पट्टे जवळजवळ गेले. म्हणजे आधी नेमकी जाड सुई उलट ओळीला लागली होती. पण मापाचे तुकडे दोन्ही सुया 4 च्याच ठेवून करणार, नाहीतर कशाशी काय ताडायचं?

8 नोव्हेंबर

सुलट-उलट, बरोबर जोडीवर: 10 सेंटिमीटरला 24 टाके. तुकडा 16.7 रुंद. बाजूच्या कडा मागे वळतात, वरची-खालची कड पुढे वळते. हा या विणीचा स्वभाव आहे, विणणाऱ्याचा दोष नाही. चारही बाजूंनी शिवण किंवा पट्टी येणार असेल तिथेच ही वापरायची: स्वेटरचं अंग, बाह्या. एकटी सोडायची नाही.

सगळ्या ओळी सुलट विणल्या की जी खोबणी-खोबणीची वीण येते ती आज संध्याकाळी केली. 50 ओळींना 2 तास 10 मिनिटं. अगदी सपाट पडते, दोन्ही बाजू सारख्या, कड वळत नाही. हिला "शिकाऊ वीण" म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी माझी नळी बघायला यायला हवं होतं.

14 नोव्हेंबर

बॉर्डर. दोन सुलट दोन उलट. विणताना तुकडा आक्रसत गेला, 40 टाके 11.5 सेंटिमीटरवर आले. ताणला तर 23. बरोबर दुप्पट.

किती ताणते यापेक्षा परत किती येते हे महत्त्वाचं. टूलरूमची सवय म्हणून तुकड्याची एक बाजू खिळ्याला, दुसऱ्या बाजूला पाव किलोचं वजन, रात्रभर. सकाळी वजन काढून तासाभराने मोजलं: 12.5. चांगलं आहे. हाच प्रयोग सुती दोऱ्याच्या बॉर्डरवर केला. विणताना 13, रात्रीनंतर 17, आणि तिथेच राहिली, परत यायचं नाव नाही. सुती दोऱ्यात लोकरीसारखी स्प्रिंग नसते. म्हणजे सुती मोज्याला किंवा टोपीला केवळ विणीच्या जिवावर सोडलं तर ती दुसऱ्या दिवशी डोळ्यांवर येणार. कानटोपीला लोकरीचीच बॉर्डर.

19 नोव्हेंबर

साबुदाण्याची वीण. नाव बरोबर आहे, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे सगळीकडे. एक सुलट एक उलट विणायचं आणि पुढच्या ओळीत सुलटवर उलट, उलटवर सुलट आणायचं.

आठ ओळी झाल्या तरी दाणा दिसेना, उभ्या रेघा दिसायला लागल्या. मी प्रत्येक ओळ सुलटने सुरू करत होतो. टाके 40, म्हणजे सम. सम टाक्यांवर प्रत्येक ओळ सुलटने सुरू केली की सुलटवर सुलटच येतं, म्हणजे बॉर्डर होते. एक टाका वाढवून 41 केले आणि प्रत्येक ओळ डोळे मिटून सुलटने सुरू केली. दाणे आपोआप पडायला लागले. आठ ओळी उसवण्यात आणि विचारात सव्वा तास गेला.

20.5 सेंटिमीटर रुंद, 50 ओळींना 14 सेंटिमीटर, वजन 12 ग्रॅम. वेळ मात्र 3 तास 20 मिनिटं, कारण प्रत्येक टाक्याला लोकर पुढे-मागे न्यावी लागते. सपाट, कडा सरळ, दोन्ही बाजू एक. हात फिरवला तर बोटाला कुठेच अडकत नाही. ही गोष्ट तेव्हा फारशी मनावर घेतली नव्हती.

23 नोव्हेंबर

रविवार. सिटीलिंकच्या बसने देवळाली कॅम्प. तुकडे पिशवीत, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली: वीण, टाके, ओळी, तारीख.

ताईने चिठ्ठ्या न वाचता तुकडे हातात चुरगाळले, कानाशी लावले, एकदोन तर गालाला घासले. मी तिला पत्र्याची खिडकी दाखवली. ती म्हणाली, "धुतलेस?" नव्हते धुतले. मग तिने चहा होईपर्यंत एक शब्द बोलायचं नाही असं ठरवलं असावं.

चहा घेताना तिने एक काम दिलं. हे सगळे तुकडे जोडून बाळाची गोधडी होते का बघ म्हणाली. घरी येऊन फरशीवर मांडले. एक 20 बाय 12.5, एक 16.7 बाय 16, एक 11.5 रुंद. सगळ्यांना टाके तेवढेच आणि ओळी तेवढ्याच, पण दोन तुकडे एका मापाचे नाहीत. आता उघड वाटतं. त्या दिवशी मी अर्धा तास त्याकडे बघत बसलो. टाके सारखे म्हणजे माप सारखं, हे लोखंडाला खरं असेल. गोधडी रद्द.

27 नोव्हेंबर

वेणी. सहा सुलट टाक्यांचा पट्टा, दोन्ही बाजूंना दोन-दोन उलट, आणि दर सहा ओळींनी तीन टाके तिसऱ्या सुईवर काढून पुढे धरायचे, मागचे तीन विणायचे, मग धरलेले विणायचे. हिशोब आठाच्या पटीत अधिक दोन, म्हणजे 42. मी 40 वरच सुरू केलं, शेवटची वेणी चार टाक्यांची निघाली. उसवा.

वेणीची सुई मिळाली नाही म्हणून सायकलचा स्पोक 12 सेंटिमीटर कापला, मध्ये थोडा वाकवला. पहिल्याच वळणाला लोकरीचे तंतू ओढले. टोकाला बर, म्हणजे कापल्यावर उरणारी खरखरीत कड, राहिली होती. बारीक एमरी पेपरने घासून जुन्या स्वेटरच्या तुकड्यावर चोळली, मग लोण्यासारखी गेली. बाजारातल्या सुईपेक्षा बरी आहे, जड असल्याने मध्येच निसटून पडत नाही. स्पोकचे 10 रुपये.

42 टाक्यांची रुंदी 14.5. हे नीट लक्षात घ्या. सुलट-उलटच्या मापावर टाके घालून वर वेण्या काढल्या तर स्वेटर अंगात जाणार नाही. वेणी टाके एकमेकांवर चढवते, कापड आकसतं आणि जाड होतं. पुढचा भाग वेणीचा आणि पाठ साधी करायची असेल तर पुढच्या भागाला जास्त टाके घालावेच लागतील, किती ते आपल्या तुकड्यावरून मोजायचं.

2 डिसेंबर

जाळी. सुईवर लोकर एकदा जास्त घ्यायची म्हणजे भोक पडतं आणि टाका वाढतो, शेजारचे दोन एकत्र विणायचे म्हणजे वाढलेला टाका परत कमी होतो. जमाखर्च जुळला पाहिजे. माझा जुळला नाही. सोळाव्या ओळीला 37 टाके. तीन ठिकाणी दोनाचा एक केला पण लोकर घ्यायची विसरलो. सहा ओळी मागे गेलो. आता प्रत्येक उलट ओळीच्या शेवटी टाके मोजतो, बायको टीव्हीचा आवाज वाढवते.

6 डिसेंबर

धुणं. सगळे तुकडे कोमट पाणी, चमचाभर शाम्पू, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. मग थर्माकोलवर ताणून टाचण्या.

दोन चुका. पहिली टाचण्यांची. साध्या टाचण्या रात्रभर ओल्या तुकड्यात राहिल्या आणि पांढऱ्या सुती तुकड्याच्या कडेला गंजाचे 22 ठिपके. लिंबू लावून फिके झाले, गेले नाहीत. आता टाचण्या फारशा वापरतच नाही. टिग वेल्डिंगचे 1.6 मिलिमीटरचे स्टेनलेसचे रॉड घरात होते, ते कडेच्या टाक्यांतून ओवले आणि चार बाजूंनी ताणले. एका मीटरचा रॉड आहे, चार रॉडमध्ये मफलरसुद्धा बसेल. कड रुळासारखी सरळ येते. टोकं घासून गोल केली आहेत.

दुसरी चूक मोठी. ॲक्रिलिकची जाळी धुऊन ताणली तरी सोडल्यावर परत मिटली. ताईने दिलेल्या खऱ्या लोकरीची जाळी मात्र ताणली तशी राहिली, भोकं छान उघडली. म्हणून ॲक्रिलिकवर इस्त्री फिरवली. भोकं उघडली खरी, पण कापडातला जीव गेला. चपटं, लुळं, चकचकीत. धुतलं तरी परत येत नाही. नंतर दुसऱ्या तुकड्यावर इस्त्री टेकवली नाही, बोटभर वर धरून फक्त वाफ सोडली. हे चाललं, भोकं उघडी राहिली आणि चमक आली नाही. पण हेही एकदाच. वाफ दिलेलं ॲक्रिलिक पहिल्यासारखं उसळत नाही. बॉर्डरवर वाफ कधीच मारायची नाही, तिचं सगळं काम उसळण्याचं आहे.

खऱ्या लोकरीचा सुलट-उलट तुकडा चुकून मशीनमध्ये गेला, गरम पाण्याच्या धुण्यात. 18 चा 13 झाला, जाडजूड, टाके दिसेनात, कात्रीने कापला तरी धागा सुटत नाही. बायकोला वाटलं मी ओरडणार. मला मात्र गावाकडची घोंगडी आठवली, तसाच हाताला लागतो. त्या तुकड्याला चिठ्ठी बांधून वेगळा ठेवला.

9 डिसेंबर

हे लिहायला लाज वाटते पण लिहितो. खोबणीच्या विणीचा ॲक्रिलिकचा तुकडा ओट्यावर पडला होता. जाड, सपाट, हातात मावणारा. भाकरीचा तवा उतरवायला तोच धरला. दोन सेकंदांत जळक्या प्लॅस्टिकचा वास, तुकडा तव्याच्या कडेला चिकटला, आणि निघाला तेव्हा मधोमध कडक काळं भोक. अंगठ्याला फोड आला. तवा घासायला बायकोने मलाच बसवलं, 40 मिनिटं लागली.

ॲक्रिलिक वितळतं. ते प्लॅस्टिकच आहे, हे मला कारखान्यात कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. गरम भांड्याला फक्त सूत किंवा खरी लोकर. मशीनमध्ये आटलेला तुकडा दुहेरी शिवला आणि आता तोच तव्याला वापरतो. आजवर विणलेल्यांपैकी घरात रोज हाताला येणारी ती एकच वस्तू.

सुती दोऱ्याचा खोबणीचा तुकडा ओटा पुसायला ठेवला. पाणी चांगलं शोषतो, खोबण्या घासायला उपयोगी. गंजाचे ठिपके असल्याने कुणी हरकत घेतली नाही.

13 डिसेंबर

दोन विणी एका दमात. पहिली कापडासारखी: एक टाका विणायचा, पुढचा लोकर पुढे ठेवून नुसता उचलायचा. 50 ओळी विणूनही उंची जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर. अजिबात ताणत नाही, दाट. पिशवीचा पट्टा किंवा बूड, एवढ्यालाच. स्वेटर विणायला घेतला तर आयुष्य जाईल.

दुसरी जाड बॉर्डर, ज्यात एक टाका खालच्या ओळीतल्या घरात सुई घालून विणतात. ही विणताना जीव खुलतो. फुगीर, मऊ, दोन्ही बाजूंनी सारखी, 40 टाके 24.5 सेंटिमीटर. 14 ग्रॅम खाल्ले, सगळ्यात जास्त. एक टाका सुटला आणि तो कसा उचलायचा ते कळेना, कारण खालचं घरही त्याच्यासोबत उकलतं. क्रोशाच्या सुईने पाऊण तास झटलो, शेवटी उसवली. आता दर दहा ओळींनी एक वेगळ्या रंगाचा दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवतो. काही झालं तर तिथपर्यंतच उसवायचं.

मेहुण्याला याच विणीचा मफलर, असं मनात पक्कं केलं होतं.

16 डिसेंबर

सहज म्हणून सुलट-उलटचा तुकडा परत केला. तीच लोकर, त्याच सुया, तेच 40 टाके. 10 सेंटिमीटरला 21.5.

8 नोव्हेंबरला 24 होते. रुंदी 16.7 ची 18.6 झाली. सुया मोजल्या, दोन्ही 4.00. लोकर त्याच गुंड्यातली. बदललं ते मनगट. तेव्हा बोटं आखडलेली होती, लोकर करकचून ओढत होतो. पाच आठवड्यांत हात सैल झाला आणि मला कळलंही नाही.

96 टाक्यांची टोपी घ्या. जुन्या मापाने 40 सेंटिमीटरचा घेर, आजच्या हाताने 44.7. एक डोक्यात बसते, दुसरी नाकावर उतरते. टूलरूममध्ये गेज, म्हणजे मोजायचं साधन, ठराविक दिवसांनी मास्टर पीसशी, म्हणजे पक्क्या मापाच्या नमुन्याशी, ताडून बघतो, इथे गेज म्हणजे माझाच हात आणि तो मी तपासलाच नव्हता. खोबणीचा आणि बॉर्डरचा तुकडा परत केला. खोबणीचा 20 चा साडेएकवीस झाला, बॉर्डर 11.5 ची 12.3. मधल्या तारखांच्या तुकड्यांपुढे प्रश्नचिन्ह टाकलं आहे. नवशिक्याने पहिल्या महिन्यातले आकडे पुढच्या महिन्यात वापरू नयेत. रात्री दमलेल्या हाताचं मापही वेगळं येतं, पण ते मोजायला मला आता उसंत नाही.

21 डिसेंबर

रविवार, निफाड. पहाटे मेहुण्याच्या द्राक्षबागेत गेलो. थंडी अशी की हात खिशातून काढवत नव्हता. बांधावर शेकोट्या धुमसत होत्या, घडांना थंडी लागू नये म्हणून धूर करतात.

धुतलेले पाच तुकडे मेहुण्याच्या जुन्या जॅकेटच्या कॉलरला आणि बाह्यांना टाके घालून शिवले आणि त्याला सांगितलं, दिवसभर नेहमीसारखं काम कर. घडांची विरळणी चालू होती. मांडवाच्या तारांखालून दिवसभर वाकून ये-जा, हातात कात्री, वर तारांची कापलेली टोकं.

संध्याकाळी जॅकेट बघितलं. जाळी अकरा वाजेपर्यंतच फाटली. जाड बॉर्डरीचा एक फुगीर टाका तारेने वीतभर बाहेर ओढला होता आणि बाजूचे आठ टाके आवळले होते. वेणी टिकली, पण तिच्या वळणांत सुकलेल्या पानांचा भुगा बसला. खोबणीतही भुगा. साबुदाण्यावर एक धागा वर आलेला, बाकी काही नाही. झटकला की साफ.

मेहुणा म्हणाला, "दाजी, तो फुगलेला गळ्याला लई भारी वाटतो. पण तो घालून मी मांडवात घुसायचा नाही." मग विचारलं, गाडीवरून जाताना? म्हणाला, "गाडीवर चालेल. पण दोन मफलर कोण सांभाळणार?"

साबुदाणा ठरला.

24 डिसेंबर

हिशोब. लांबी 150. साबुदाण्याच्या 50 ओळींना 14 सेंटिमीटर, म्हणजे 540 ओळींना साधारण 151. एका तुकड्याच्या 10.8 पट. लोकर 130 ग्रॅम, म्हणून दोन गुंडे एकदमच घ्यायचे. मी नोव्हेंबरात घेतलेल्या रंगाचा तिसरा गुंडा मागायला गेलो तर लॉट (एका वेळी रंगवलेला माल) वेगळा निघाला, उजेडात दोन निळे स्पष्ट वेगळे. गुंड्याच्या वेष्टनावर लॉट नंबर असतो तो बघून घ्या. नवे दोन गुंडे, 240 रुपये.

वेळ 10.8 गुणिले 3 तास 20 मिनिटं, बरोबर 36 तास. संक्रांतीला द्यायचा तर रोज पावणेदोन तास.

सुरू करण्याआधी आजच्या हाताचा साबुदाण्याचा छोटा तुकडा केला. 10 सेंटिमीटरला 19.5 टाके, जरा सैल. 39 टाके घातले.

बाळाच्या पांघरुणाचंही ठरलं. जाळी बायकोला फार आवडली होती. पण लहान बाळाची बोटं भोकांत अडकतात, ताईने स्वतःच्या नातवाचं बोट सोडवल्याची आठवण सांगितली. खोबणीची वीण, मऊ ॲक्रिलिक, कारण लेक ते मशीनमध्येच टाकणार. खरी लोकर दिली तर काय होतं ते तव्याजवळ टांगलेलं आहे.

14 जानेवारी

मफलर काल रात्री 11 वाजता संपला, 43 तास. 36 चा अंदाज चुकला कारण उसवणं धरलं नव्हतं: ओळ 212 ते 230 एकदा, 388 ला एकदा. शेवटचे टाके फार घट्ट बंद केले, टोक आत ओढलं गेलं. ते उसवून एक नंबर जाड सुईने, म्हणजे सात नंबरने, बंद केले. रॉडवर ताणून वाळवला. लांबी 153, रुंदी 20.

बायको वाण घेऊन माहेरी गेली, तिच्याबरोबर मफलर आणि तिळगूळ पाठवला. संध्याकाळी मेहुण्याचा फोटो आला. मफलर डोक्याला फेट्यासारखा गुंडाळलाय, कान झाकलेले, गळा उघडाच.

18 जानेवारी

आजवरचा एकूण खर्च: लोकर आणि सूत 610, सुया 120 (बारा नंबरच्या धरून), स्पोक 10, बर्नॉल 70. विणून फेकलेलं काही नाही, पण 14 तुकड्यांपैकी वापरात दोन.

बाळाचं पांघरूण सुरू केलं आहे. 150 टाके, पहिल्या आणि शेवटच्या पाच टाक्यांवर साबुदाणा आणि मध्ये खोबणी, म्हणजे कडा अजून सरळ राहतील असं वाटलं. पण खोबणीच्या ओळी साबुदाण्यापेक्षा बुटक्या असतात, तेव्हा कड लांब आणि अंग आखूड. 34 ओळींनंतर कडेला झालर यायला लागली आहे. ताईला फोटो पाठवला. तिचं एका शब्दाचं उत्तर आलं: "तुकडा?"

या जोडीचा तुकडा केला नव्हता. सुया काढल्या, उसवतोय.